आखरावरच्या मैदानाची हकीकत

मु. तेच, पो. तेच,
ता. मंगरूळपीर, जि. वाशीम
६ जानेवारी २०२६

तीर्थस्वरूप पंचफुलाबाई,

धाकट्या देवमनचा तुझ्या पायांशी नमस्कार. भाऊजींना नमस्कार सांग आणि त्यांच्या गुडघ्यांची मी विशेष चौकशी केली आहे हेही सांग (मागच्या वेळी फोनवर ते अर्धा तास गुडघ्यांबद्दलच बोलले. मी मन लावून ऐकलं, असं त्यांना वाटू दे). राजूला आणि सूनबाईला आशीर्वाद. नाशिकात थंडी फार असते म्हणतात, तर सकाळी फिरायला जाताना कान बांधत जा. इकडे सगळी खुशाली आहे, फक्त तुझ्या भावजयीची पाठ धरली आहे. ती का धरली ते पुढे येईल. फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. बाई, पस्तीस वर्षं मी या गावात लोकांची पत्रं वाटली आणि स्वतः एकही लिहिलं नाही. हलवाई कुठे पेढे खातो? मागच्या जूनमध्ये निवृत्त झालो. आता पोस्टात बँकेच्या नोटिसा आणि आधार कार्डं सोडून काही येत नाही, म्हणून नव्या पोस्टमनलाही जरा खऱ्या पत्राची चव कळावी. शिवाय फोनवर मला काही गोष्टी बोलता येत नाहीत. मी तोंड उघडतो तोच तू विचारतेस, जेवला का, आणि मग सगळं बोलणं जेवणावर जातं.

तर बातमी अशी, की आपल्या गावात मैदान झालं आहे. खेळाचं. आणि त्या मैदानाच्या समितीचा अध्यक्ष मी आहे. हसू नको. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय निघाला, त्या आठवड्यात मी वाशीमला जाऊन दाढ काढून आलो होतो आणि सभेत तोंडात कापसाचा बोळा धरून बसलो होतो. मैदान पाहिजे यावर सगळ्यांचं एकमत झालं. अध्यक्ष मात्र कोणालाच व्हायचं नव्हतं. जो तो आपापली अडचण तोंडाने सांगून मोकळा झाला. मला विचारलं तेव्हा माझ्या तोंडातून ‘हं’ निघालं. ते ‘हं’ म्हणजे ‘मला यातलं काही कळत नाही, मला घरी जाऊ द्या’ असं होतं, पण कापसातून एवढंच बाहेर आलं. टाळ्या पडल्या. सरपंचांनी हार घातला, तो नेमका सुजलेल्या गालाला लागला, माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि दुसऱ्या दिवशी गावभर झालं की देवमन निवडीनं गहिवरला.

मैदानाची खरी आग्रही होती साधना मॅडम. ही आपल्या शाळेत दोन वर्षांपूर्वी आलेली खेळाची शिक्षिका, मूळची धनजकडची, अंगानं काडी आणि आवाज पोलीस ठाण्याचा. तिच्या मुली खो-खो खेळतात, आणि खेळायच्या कुठे, तर मंगरूळपीरच्या डांबरी रस्त्यावर. म्हणजे दोन्ही बाजूंना सोयाबीन वाळत घातलेलं, मधल्या पट्टीत मुली बसलेल्या, आणि एसटी आली की साधना मॅडमची शिट्टी, सगळ्या सोयाबीनवर उड्या मारणार, सोयाबीनवाले ओरडणार, बस गेली की पुन्हा खो. एका मुलीचे दोन्ही कोपर मी स्वतः पाहिले, खरवडून निघालेले. पोस्टमन होतो तोवर सायकलवरून जाताना मी घंटी वाजवायचो आणि पुढे जायचो. अध्यक्ष झाल्यावर तसं करता येईना.

जागा ठरली आपल्या आखरावरची. तुला आखर आठवतं ना गं? नाल्यापलीकडची मोकळी जागा, सकाळी सगळ्या गावाची गुरं तिथे जमायची आणि मग गुराखी रानात न्यायचा. गुरं गेली की दिवसभर ती जागा आपली. शेणाचे पोवटे बाजूला सारून आपण हुतूतू खेळायचो, तुम्ही पोरी खो-खो खेळायच्या, आणि बोराटीचे काटे तर सगळ्यांच्याच पायांत असायचे. संध्याकाळी गुरांची धूळ दिसली की खेळ मोडायचा, कारण घरी दूध काढायला कोणीतरी हजर लागायचं. आता गावात गुरंच राहिली नाहीत, म्हणून आखरही राहिलं नाही. बाभळी माजल्या होत्या. कापायला गेलो तेव्हा त्यात बैलगाडीच्या चाकाची एक जुनी लोखंडी धाव सापडली, तीन चपला, आणि मी एकोणीसशे नव्वदला हरवली म्हणून वरिष्ठांकडून बोलणी खाल्ली होती ती टपाल खात्याची शाई उमटवायची गादी. कशी गेली तिथे, देव जाणे.

मग जेसीबी आला. चालवणारा मोठा आत्मविश्वासाचा माणूस. मी म्हटलं, सपाटी मोजायला काही यंत्र वगैरे? त्यानं एक डोळा मिटला, अंगठा पुढे धरला आणि म्हणाला, “काका, माहा डोया हाच यंत्र हाय.” दोन दिवसांत त्यानं मैदान करून दिलं. दिसायला झकास, लाल-काळ्या मातीचं. पण पहिल्याच दिवशी पोरांनी क्रिकेट मांडलं तर कोणी मारला नाही तरी चेंडू आपणहून नाल्याकडे निघाला. मग सगळ्यांनाच वरच्या टोकाला फलंदाजी पाहिजे, खालून कोणी खेळेना. इंदरचंद म्हणाला, पाणी ओतून पाहू, पाणी खोटं बोलत नाही. (इंदरचंद म्हणजे आपला कापड दुकानवाला, माझ्या वर्गातला. समितीत तो उपाध्यक्ष आहे, त्याची दाढ शाबूत असताना झाला, म्हणजे त्याचं कौतुक जास्त.) टँकर बोलावला, वरच्या अंगाला सोडला. पाण्यानं एक क्षण विचार केला आणि मग सरळ धरली ती वाट माझ्या कुटाराच्या गंजीची. नाल्याच्या कडेला मी सोयाबीनचं कुटार, मळणीनंतरचा सगळा भुसा, रचून ठेवलं होतं, ते गुडघाभर पाण्यात. गाव सगळं बघायला जमलं होतं. अध्यक्षाचंच कुटार भिजलं म्हटल्यावर लोकांना मैदानाविषयी पहिल्यांदा मनापासून आनंद झाला.

त्या पाण्यानं एक मात्र दाखवून दिलं. सगळीकडून ते धावलं, पण कडेच्या एका पट्ट्यात, जिथे जेसीबी गेलाच नव्हता, जागच्या जागी उभं राहिलं, ताटात वरण राहावं तसं. तेवढीच जागा खरी सपाट. आणि तो पट्टा भाऊसिंगचा. म्हणजे जागा सरकारीच, पण पंधरा वर्षं त्यानं ती नांगरली, दगड वेचले, कडेनं बांधासारखा मातीचा धुरा घातला, आणि आता तिथे पुरुषभर उंचीची तूर उभी होती. भाऊसिंग तुला आठवेल, तांड्यावरचा, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, म्हणजे तुझ्या बरोबरीचा. हुतूतूत त्याची पकड सुटायची नाही. म्हातारा झाला तरी सुटत नाही. मी, इंदरचंद आणि साधना मॅडम, तिघं त्याच्याकडे गेलो. त्यानं बाज टाकली, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मैदान तुमचं, तूर माही. तूर निघाल्यावर या.” मी म्हटलं, भाऊ, तालुक्याच्या स्पर्धा जानेवारीत आहेत, पोरींनी सराव कुठे करायचा? तो म्हणाला, “कायले कराव पोरींनी सराव? पळून पळून जानार कुठीसा?” साधना मॅडमचा चहाचा कप बशीवर एवढ्या जोरात आदळला की बाजेखालचं कुत्रं उठून गेलं.

मग मॅडमनं एक केलं. तुरीच्या कडेकडेनं जी हातभर-दोन हात सपाट जागा होती तिथेच पहाटे सराव सुरू केला. मैदान असं निमुळतं, की पळणारी चुकली की तुरीत. रोज दोन-चार झाडं आडवी व्हायची. आठवडाभरानं भाऊसिंगला ते कळलं आणि तो काठी घेऊन उजाडता उजाडता धुऱ्यावर हजर. मीही होतो, कारण अध्यक्षानं मार खायला तरी हजर राहिलं पाहिजे. धुकं होतं, मुलींना तो दिसला नाही. एकीला दिसला. ती होती निकिता, त्याचीच नात, दहावीतली, घरी गणिताच्या शिकवणीला जाते म्हणून सांगून येणारी. ती रांगेत बसली होती, मागच्या मुलीनं तिच्या पाठीवर हात मारून खो दिला, आणि आजोबाला पाहून ही जागेवर खिळली. पळणारी मुलगी चार पावलांवर, हाताशी आलेली, आणि ही उठेना. मॅडमची शिट्टी, मुलींचा आरडाओरडा. मी डोळे मिटून घेतले. तेवढ्यात माझ्या कानाशी भाऊसिंग गरजला, “खो देला ना तुले! बसून काहून राह्यली, बह्याड पोट्टी? पळ! खांबाकडून पळ!”

निकिता उठली ती बंदुकीतून सुटल्यासारखी. खांबाला धरून गर्रकन वळली आणि पुढचीला टिपलं. आणि मग दोघांच्याही लक्षात आलं की आपण काय करून बसलो. ती मान खाली घालून उभी. भाऊसिंग काठी धुऱ्यात रोवून खाली बसला. मी त्याच्या शेजारी बसलो. तो म्हणाला, “तुही बहीण अशीच वयत होती, देवमन. खांबाले एक हात, अन् केसाचा शेपटा उडून तोंडावर. आमी पोट्टे आखरावर गुरं सोडून पाहात होतो.” मी हं म्हटलं (या वेळी दाढेचं कारण नव्हतं). तो म्हणाला, “तिले अकोल्याले काहून नाई जाऊ देलं रे तुह्या बापानं? समदा संघ ट्रकमधी बसला होता. तिचीच वाट पाहून राह्यले होते. मी होतो ना तिथीसा.” मी त्याला सांगितलं, मला आठवत नाही, मी लहान होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊसिंगनं तूर कापायला घेतली. हिरवीगार, शेंगा टच्च भरलेल्या, महिनाभर थांबला असता तर दाणा हाती आला असता. मी धावत गेलो, म्हटलं, भाऊ, थांब, आपण काही मार्ग काढू. तो कापता कापता म्हणाला, “मार्गच काढून राह्यलो ना!” त्यानं शेंगा विकल्या नाहीत. ट्रॅक्टरची ट्रॉली भरून गावात आणली आणि चावडीपुढे उभी केली. ज्याला पाहिजे त्यानं न्याव्या. बाई, सबंध गावानं चार दिवस सोल्याची, म्हणजे ओल्या दाण्यांची, आमटी, सोलेभात आणि मिठाच्या पाण्यात उकडलेल्या शेंगा खाल्ल्या. आईच्या हातच्या त्या शेंगा आठवतात का तुला? पितळी गंज मधोमध ठेवायचा, आपण भोवती बसायचं, आणि तू शेंगा सोलून दाणे माझ्यापुढे टाकायचीस कारण मला सोलायला वेळ लागायचा. तुझ्या भावजयीनं उकडल्या तेव्हा मला ते आठवलं आणि हातातली शेंग मी तशीच ताटात ठेवली. तिला वाटलं तिचं मीठ जास्त झालं, आणि दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

जागा मिळाली, आता आखणी. मोजायला इंदरचंदनं मोठ्या ऐटीत दुकानातली लोखंडी मीटरपट्टी आणली. त्याच्या आजोबांनी, नवी मापं आली तेव्हा, लोहाराकडून घडवून घेतलेली. साठ-पासष्ट वर्षं त्या दुकानात कापड तिनंच मोजलं जातं. आम्ही दिवसभर पट्टी टाकत, उचलत, फक्कीच्या रेघा मारल्या, दोन्ही खांब रोवले. संध्याकाळी साधना मॅडम टेप घेऊन आल्या. दोन खांबांमधलं अंतर चोवीस मीटर पाहिजे, ते निघालं जवळजवळ पंचवीस. पुन्हा मोजलं. तेवढंच. मग कोणीतरी पट्टीशेजारी टेप धरला, आणि पट्टी निघाली मीटरहून दोन बोटं लांब.

इंदरचंदचा चेहरा पांढरा पडला. व्यापाऱ्याचं माप चुकीचं निघणं म्हणजे काय ते तूच समज. तो पट्टी काखेत मारून घरी गेला, आम्हीही मागोमाग. त्याची आई धापूबाई, नव्वदीला आलेली, ओट्यावर ऊन खात बसली होती. त्यानं विचारलं, तर ती अजिबात दचकली नाही. म्हणाली, “तुह्या आज्याले मालूम होतं. त्यानंच तसी करून घेतली.” काहून? “अरे बाप्पा, गरिबाची बाई झंपराचं कापड नेते, ते मोजूनमापून नेते. दोन बोटं कमी पडली तं बाही होत नाई. मंग थे कोनाले सांगन?” इंदरचंद तिथेच पायरीवर बसला. मला आपल्या आईची ती निळ्या बुंदक्यांची झंपरं आठवली, ज्यांच्या उरल्या तुकड्यात ती तुझ्या वेणीच्या रिबिनी काढायची. सगळ्या आयांच्या कापडातून रिबिनी कशा निघायच्या ते साठाव्या वर्षी कळलं. खांब मात्र आम्हाला उपटून पुन्हा रोवावे लागले. मॅडम म्हणाल्या, दया कापडात चालते, खो-खोत नाही.

आता उद्घाटन. येत्या पंचवीस तारखेला, रविवारी, सकाळी. पाहुणा कोण यावर तीन सभा झाल्या, दोन मोडल्या, एकीत खुर्ची मोडली. शेवटी साधना मॅडमनं शाळेच्या पेटीतून एक वही काढून समोर ठेवली. अठ्ठ्याहत्तर सालची, हेडमास्तरांच्या अक्षरातली. त्यात जिल्ह्याच्या सामन्यांना अकोल्याला जायच्या मुलींच्या खो-खो संघाची बारा नावं आहेत (तेव्हा वाशीम काही जिल्हा नव्हता, हे आताच्या पोरींना समजावताना माझा जीव गेला). मॅडम म्हणाल्या, पाहुण्या ह्याच. ह्यांना बोलवा, आणि ह्यांचा गावातल्या बायांशी एक सामना होऊ द्या. पत्ते शोधायचं काम अर्थात माझं. तिघी आता नाहीत. बाकीच्या आठजणींचे पत्ते मी पंधरा दिवसांत काढले, एकीचं तर आडनाव, गाव आणि नावसुद्धा बदललं होतं. सहाजणी येणार आहेत, म्हणून सामना सात-सात जणींचा ठेवला आहे. गावच्या बायांकडून तुझी भावजय खेळते. अंगणात तुळस आणि नळ हे दोन खांब धरून तिनं सराव चालवला होता, परवा नळाला वळताना पाठ धरली. आता म्हणते, मी खांब म्हणून उभी राहते, मला धरून वळा. भाऊसिंग पंच आहे. त्याला नियम येत नाहीत, पण त्याच्याशी वाद घालायची कोणाची छाती नाही.

तुझं नाव यादीत पहिलं आहे. पत्र मात्र मी सगळ्यात शेवटी लिहायला घेतलं.

घरातल्या सगळ्यांना यथायोग्य. भाऊजींनाही आण, पंचाशेजारी खुर्ची ठेवतो, दोघं मिळून गुडघ्यांवर बोलतील.

तुझा धाकटा,
देवमन

ता. क. वाशीमला उतरू नको. तिथून बस बदलण्यात तुझा दिवस जाईल. कारंजाला उतर, मी घ्यायला येतो. राजूला म्हणावं तिकीट तूच काढ, आई नाही म्हणेल तरी काढ.

ता. क. २. त्या वहीत बाकीच्या नावांपुढे ‘गेली’ असं लिहिलं आहे आणि तुझ्या नावापुढे ‘घरगुती अडचण’. बाई, ती अडचण मी होतो. बाबांना तुझ्याविषयी गंगू आत्यानं सांगितलं असं तू समजतेस, आणि म्हणून तू तिच्याशी मरेपर्यंत नीट बोलली नाहीस. तिनं काही सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. पोरी हाफ चड्डी घालून खेळणार आणि मुलांच्याच धर्मशाळेत उतरणार, असं मी बाबांना जाऊन सांगितलं, आणि दोन्ही गोष्टी मी मनानं रचल्या होत्या. कारण तू आदल्या दिवशी माझे कॅनव्हासचे बूट मागितले होतेस. घरात तेवढा एकच जोड होता, प्रभातफेरीसाठी घेतलेला, आणि मला तो द्यायचा नव्हता. ट्रक गेला तेव्हा तू माडीवर होतीस. मी बूट घालून ओट्यावर बसलो होतो. त्या उन्हाळ्यात तुझं लग्न झालं. तेव्हापासून सांगायचं म्हणतो आहे.

ता. क. ३. साध्या कागदावर उजवा पाय ठेव आणि भोवती पेन्सिलीनं रेघ मारून तो कागद उलट टपाली पाठव. मंगरूळपीरच्या दुकानदारानं माप विचारलं तर मला सांगता आलं नाही. रागावली असशील तर रागाचं दुसऱ्या कागदावर लिही, पण पायाचा कागद आधी टाक. पंचवीस तारीख जवळ आली आहे आणि तुमच्या बाजूला अजून एक कमीच आहे.